जोडपत्र क्रमांक सहा

आमच्या घरी आलेले पाकीट कधी बोटाने फाडले जात नसे. बाबांकडे एक पोलादी पट्टी होती, सहा इंचांची, वापरून वापरून एका कडेचे आकडे पुसट झालेली. पाकीट खिडकीच्या उजेडाकडे धरायचे, हलकेच झटकून आतला कागद एका बाजूला सरकवायचा आणि मग रिकाम्या राहिलेल्या आखूड कडेतून पट्टी आत घालून एका ओढीत ती कड उघडायची, अशी त्यांची रीत. त्या ओढीचा एक ठरावीक आवाज होता, वाळक्या पानावर पाय पडावा तसा. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना आई तो ऐके आणि म्हणे, "सुरू झालं ऑफिस." बाबा रेल्वेच्या कार्मिक शाखेत लिपिक होते. जयपूरला रेल्वेचे नवे मुख्यालय झाले तेव्हा बढतीच्या आशेने त्यांनी नागपूरहून इकडे येण्याचा विकल्प दिला, आणि आम्ही तिघे रेल्वे कॉलनीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन राहिलो. टपाल उघडायचे, नोंदवायचे, त्याला उत्तर पाठवायचे, हे काम त्यांच्या हातात इतके मुरले होते की कचेरी कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते हे त्यांना दिसतच नसे. आमच्या घराला जावक नोंदवही होती. मामाला लिहिलेल्या पत्रालाही क्रमांक पडे. आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची एक प्रत घरी राहिलीच पाहिजे, हा तर सगळ्या नियमांच्या वरचा नियम. या प्रतीला रेल्वेत 'ओ.सी.' म्हणतात, म्हणजे कार्यालयीन प्रत. "ओ.सी. ठेवली का?" हे बाबा "जेवली का?" यापेक्षा अधिक वेळा विचारत. "पोरगी झाली तेव्हा दवाखान्यात पह्यले हेच विचारलं यायनं," आई शेजारच्या दुर्गाभाभींना हिंदी-मराठीच्या मिश्रणात सांगे, "की एकच काऊन? ओ.सी. कुठं आहे?" बाबा यावर हसत नसत, पण रागावतही नसत.

बारावीच्या त्या वर्षी माझ्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी एकच वाट धरली होती. सकाळी शाळा, दुपारपासून कोचिंग, आणि एप्रिलमध्ये देशभरची ती प्रवेशपरीक्षा. मीही कोचिंगला जात होते. पण तीन तासांत अंदाजाने उत्तरे टिपत धावणे माझ्याच्याने होत नव्हते. उत्तराची खात्री पटल्याशिवाय माझ्या पेन्सिलीचे टोक कागदाला लागत नसे, आणि खात्री पटेपर्यंत वेळ संपलेला असे. सराव परीक्षांच्या याद्यांत माझे नाव महिन्यागणिक खाली सरकत होते. याच सुमारास शाळेच्या फलकावर सिंगापूरच्या एका विद्यापीठाची सूचना लागली. अभियांत्रिकीसाठी भारतातून मोजके विद्यार्थी घ्यायचे, त्यांचा सगळा भार विद्यापीठाने उचलायचा. मात्र केवळ परीक्षेवर निवड नाही. गुण, निबंध, केलेल्या कामाचा पुरावा, शिक्षकाचा अभिप्राय, हे सगळे पाहून मुलाखतीला बोलावणार. मी ती सूचना दोनदा वाचली आणि वहीत उतरवून घेतली. जिथे सावकाश विचार करणाऱ्याला जागा असेल असा हा एकच दरवाजा मला दिसत होता. तो बंद झाला तर दुसरा नाही, हे मी कुणाला बोलून दाखवले नाही.

अर्ज कसा तयार करावा हे मी आज माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते, आणि त्यातले निम्मे बाबांचे आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या कोऱ्या नमुन्यांच्या दोन-दोन छायाप्रती काढून आणल्या. "मूळ कागदावर पह्यले लिवायचं नाही. छायाप्रतीवर लिव, तपास, मंग मूळ कागद." जोडपत्रे सहा होती. त्यांनी एका तक्त्यात सहाही लिहून समोर तारखांचे रकाने आखले आणि तो तक्ता बुद्धाच्या तसबिरीखाली, रोज नजर जाईल अशा जागी, चिकटवला. निबंधाच्या बाबतीत मात्र आमचे खटके उडत. मी लिहिले होते की मला लहानपणापासून यंत्रांची आवड आहे. बाबांनी पेन्सिलीने त्याखाली रेघ ओढली.

"याले कागद आहे का?"

"बाबा, आवडीला कागद कसा असेल?"

"मंग त्यायनं मानायचं काऊन?"

हा प्रश्न तेव्हा मला तुसडा वाटला होता. परंतु त्यामुळेच मी ते वाक्य खोडले आणि आमच्या कूलरबद्दल लिहिले. जयपूरच्या उन्हाळ्यात कूलरवाचून घर नाही. आमचा नागपूरहून आणलेला होता, लोखंडी पत्र्याचा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या असलेला. त्याची डाव्या हाताची ताटी खालच्या कोपऱ्यात नेहमी कोरडी राही, त्यामुळे तिकडून येणारा वारा गरम लागे आणि त्या बाजूला झोपणारी आई कुरकुरे. अकरावीच्या सुट्टीत मी दोन महिने, दिवसातून चार वेळा, तिन्ही ताट्यांसमोरचे तापमान मोजून वहीत लिहिले होते. आलेख काढले होते. पाणी वाटणाऱ्या नळीची लांबकडची भोके लहान पडतात आणि म्हणून तिथवर धार पोचत नाही, असा निष्कर्षही काढला होता. निबंध त्यावर बेतला, वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या, आणि बाबांनी प्रथमच कुठेही रेघ ओढली नाही.

सहावे जोडपत्र शिक्षकाच्या अभिप्रायाचे होते. भौतिकशास्त्राला आम्हांला चौधरी सर होते. उंच, किंचित वाकलेले. फळा स्वतः पुसणारे. जयपूरबाहेरच्या चाकसूजवळच्या एका गावचे, शेतकऱ्याच्या घरचे, आणि हे ते लपवत नसत. वर्गात कुणी घाईने उत्तर दिले तर ते म्हणत, "ग़लत है, पर अच्छा ग़लत है।" मला त्यांनी असे कधी म्हटले नव्हते, कारण मी चुकीचे उत्तर दिलेच नव्हते. नमुन्यावर सूचना स्पष्ट होती: अभिप्राय लिहून झाल्यावर शिक्षकाने तो लिफाफ्यात बंद करावा, चिकटवलेल्या झडपेवरून आडवी सही करावी, आणि विद्यार्थ्याने तो न उघडता अर्जासोबत पाठवावा. होळीनंतरच्या आठवड्यात सरांनी तो बंद लिफाफा माझ्या हाती दिला. दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर जाणार होते. शीतलामातेची जत्रा होती; तिच्या दिवशी जयपूरला सुट्टी असते आणि सरांचे सगळे घर गावाहून ट्रॅक्टरवर बसून देवीच्या डूंगरीला जाते, हे ते दरवर्षी वर्गात सांगत. मी लिफाफा घरी आणून बाबांच्या टेबलावर, इतर पाच जोडपत्रांवर ठेवला. शनिवारी गणिताचा बोर्डाचा पेपर होता. मी आतल्या खोलीत समाकलनाची उदाहरणे सोडवायला बसले.

जत्रेच्या आदल्या दिवसाची ती दुपार होती. त्या दिवशी जयपुरात घरोघर दुसऱ्या दिवसाचे सगळे रांधून ठेवतात, कारण शीतलाष्टमीला चूल पेटवायची नसते, थंडच खायचे. जिन्यात तळणाचा आणि गुळाच्या पुयांचा वास भरून राहिला होता. दुर्गाभाभींच्या कढईचा चर्रर्र आवाज भिंतीपलीकडून येत होता. त्या आवाजातच मला तो दुसरा आवाज ऐकू आला, वाळक्या पानावर पाय पडल्याचा. पण उदाहरण अर्धे होते, मी ते पुरे करत राहिले. तासाभराने पेन्सिल खाली ठेवताना लक्षात आले, की टपाल आज आलेच नव्हते.

बाहेर आले तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते. अर्धा दिवस रजा काढून ते घरी होते; मधल्या वेळात जाऊन त्यांनी सगळ्याच्या छायाप्रती काढून आणल्या होत्या आणि आता फाइलच्या टॅगसाठी कागदांना भोके पाडत होते. डाव्या हाताला मूळ कागद, उजव्या हाताला प्रती, मधे पट्टी. पट्टीशेजारी तो लिफाफा, आखूड कडेने उघडलेला. झडप तशीच बंद, सरांची सही तशीच आडवी.

"बाबा," मी म्हटले, "तो उघडायचा नव्हता."

"जोडपत्र न पाहता डाक कशी पाठवायची?" ते मान वर न करता म्हणाले. "आत कागद दुसराच निघाला तर? सही राहिली असली तर? ओ.सी. नको?" आणि मग त्यांचा हात थांबला. मी नमुन्यावरची ओळ बोटाने दाखवली. ती त्यांनी वाचलेली होती. तीन महिन्यांत पन्नास वेळा वाचली असेल. पण हाताने ती वाचली नव्हती. पंचवीस वर्षे जे हात रोज पाकिटे उघडत आले होते, त्यांनी हेही उघडले. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझ्या आठवणीत त्यांचा चेहरा असा कधी झाला नव्हता, आपल्याच सहीखाली दुसऱ्याचे अक्षर दिसावे तसा.

आई ओले हात पदराला पुसत आली. तिने लिफाफा उलटसुलट करून पाहिला आणि तिचे उत्तर तयार होते. "सही तं जशीच्या तशी आहे. बाजूनं गोंद लावा, वरून पारदर्शक टेप मारा. कोन पाह्यते?"

कुणीच पाहणार नव्हते, हे खरे होते. गोंदाची बाटली टेबलावरच होती. एरवी अशा सूचनेवर बाबांनी कलम आणि पोटकलम सांगितले असते; आता ते माझ्याकडे पाहत होते. पण मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. भोके पाडलेल्या प्रतींच्या गठ्ठ्यात सर्वांत वर सरांच्या पत्राची प्रत होती, आणि मी ती वाचत होते.

पत्र इंग्रजीत, सरांच्या टोकदार अक्षरात होते. आठ-दहाच ओळी, त्यांचा आशय मला आजही पाठ आहे. ही विद्यार्थिनी अत्यंत नेटकी आणि प्रामाणिक आहे. माझ्या सबंध नोकरीत इतक्या कमी चुका करणारे मूल मी पाहिले नाही. मात्र मला हेही नोंदवले पाहिजे की ज्याचे उत्तर आधीच ठाऊक नाही अशा प्रश्नाला हात घालताना मी तिला पाहिलेले नाही. तिने घरच्या कूलरची दोन महिने मोजमापे घेतली आणि दोष अचूक शोधला. नळीला मोठी भोके पाडून का पाहिली नाहीत, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बिघडलं तर?" अभियंत्याने कधीतरी बिघडवले पाहिजे.

आमच्या घरात बसून हे वाचताना कान तापल्याचे आठवते. राग सरांवर नव्हता. त्यांनी जे लिहिले होते, त्याला कागद होता.

"हे पत्र गेलं तं तुले घेतीन का ते?" आईने विचारले. मी आशय सांगितल्यावर तिचा गोंदाचा उत्साह ओसरला होता. बाबा म्हणाले, "घेतीन, नाही घेतीन, तो नंतरचा प्रश्न. फोडलेलं पाकीट जाणार नाही. सरांले फोन लाव." सरांचा मोबाईल लागला नाही. चार वेळा लावला. त्या काळी गावाकडे गेलेला फोन म्हणजे हरवलेला फोन. अर्ज सोमवारी सिंगापूरला पोचणे आवश्यक होते. टोंक रोडवर सीतापुऱ्याच्या कारखान्यांमुळे तिथले कुरियरचे दुकान सुट्टीच्या दिवशीही चालू असे, पण तेही दुपारी चारपर्यंत. म्हणजे उद्या चार वाजेपर्यंत, जत्रेच्या गर्दीत सरांना शोधायचे, त्यांना घडले ते सांगायचे, नवा अभिप्राय लिहून घ्यायचा आणि परत फिरायचे. परवा नव्हे, तेरवा गणिताचा पेपर.

"मीच जातो," बाबा म्हणाले. "चूक माही आहे. तू अभ्यास कर."

मी म्हटले, मीही येते. इथे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे की यामागे निव्वळ सचोटी नव्हती. मला वाटत होते, मी समोर उभी राहिले तर सरांना संकोच वाटेल, आणि संकोचाने ते ती ओळ गाळतील. वयाच्या सतराव्या वर्षी माणूस एकाच कृतीत खरेपणा आणि लबाडी दोन्ही बेमालूम मिसळू शकतो, आणि स्वतःला फक्त पहिलीच दिसते.

सकाळी दुर्गाभाभींनी थंड पुये, बाजरीची भाकरी आणि दह्यातल्या राबडीचा डबा आणून दिला. राबडी म्हणजे आपल्या आंबिलीची बहीण. आमच्याकडे हा सण नव्हता, आईची चूल पेटलेली होती, तरी तिने डबा दोन्ही हातांनी घेतला आणि गॅस बंद केला. "भाभीजींच्या देवीसाठी नाही," ती आम्हांला म्हणाली, "भाभीजींसाठी." बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. काखेत फाइल, तिला रबरबँड. खिशात पट्टी का होती हे त्यांनाही सांगता आले नसते.

बस सांगानेरपर्यंत धावली आणि पुढे रांगू लागली. सीतापुऱ्याला कुरियरच्या दुकानाची पाटी मी खिडकीतून पाहून ठेवली. त्यापुढे रस्ताभर ट्रॅक्टर, त्यांच्या ट्रॉल्यांत पिवळ्या-केशरी लुगड्यांतल्या बायका, त्यांची लांबत जाणारी गाणी, डोक्यावर मातीची भांडी. एका तासाचा रस्ता अडीच तासांत कापला गेला. बाबा घड्याळाकडे पाहत नव्हते. ते पाहत नाहीत हे मला दिसत होते. मधेच ते म्हणाले, "बाई, तुह्या अर्जाले मी हात नव्हता लावायला पाहिजे." मी म्हटले, "तुम्ही लावला नसता तर अर्जच झाला नसता." दोन्ही वाक्ये खरी होती.

डूंगरी म्हणजे एक उघडी टेकडी, माथ्यावर देऊळ, आणि खाली डोळा पोचेल तिथवर ट्रॉल्या. सर वर्गात म्हणत, आमची ट्रॉली पाण्याच्या टाकीपाशी असते. टाक्या तीन निघाल्या. पहिल्या दोन टाक्यांभोवती आम्ही "चौधरी मास्टरजी" विचारत फिरलो, आणि दोन्हीकडे चौधरी मास्टरजी होते, पण आमचे नव्हते. एक वाजून गेला. तिसऱ्या टाकीपाशी, ट्रॉलीखालच्या सावलीत, बनियन-धोतरातला एक उंच माणूस लहान मुलीला पुये तोडून भरवत होता. सरांना मी धोतरात कधी पाहिले नव्हते. ते उठले, घाईने खांद्यावर टॉवेल घेतला आणि म्हणाले, "अरे! पेपर छोड़कर मेला देखने आई है?"

बाबांनी हात जोडले आणि उभ्याने, कचेरीत साहेबासमोर बोलावे तसे, सारे सांगितले. "सर, ग़लती मेरी है। लिफ़ाफ़ा मैंने खोला। आदत से।" त्यांनी फाइलमधून उघडलेला लिफाफा, पत्र आणि भोके पाडलेली प्रत काढून सरांच्या पुढ्यात ठेवली.

सरांनी ती भोके बघितली. "इसमें छेद क्यों हैं?"

"फ़ाइल के लिए, सर। टैग डालने को।"

सर हसतील असे मला वाटले. ते हसले नाहीत. त्यांनी विचारले, "पढ़ा?"

"मैंने पढ़ा," बाबा म्हणाले. "बच्ची ने नहीं पढ़ा।"

माझ्या वडिलांच्या तोंडून मी ऐकलेले हे एकमेव खोटे. ज्या माणसाने आवडीलाही पुरावा मागितला होता, त्याने हे इतक्या सहज म्हटले की मीच क्षणभर त्यावर विश्वास ठेवला. त्या एका वाक्याने त्यांनी मला नियमाच्या आत, सुरक्षित जागी उभे केले होते. मला फक्त गप्प राहायचे होते. सर माझ्याकडे पाहत होते. पुढे काय होईल याचा मला अंदाज नव्हता: ते चिडतील, पत्र द्यायला नकार देतील, बाबांना खोटे ठरवले म्हणून बाबांची मान खाली जाईल. कोणत्याच उत्तराची खात्री नव्हती.

"सर, मैंने भी पढ़ा," मी म्हटले. "पूरा।"

बाबांनी डोळे मिटले. ट्रॉलीवरच्या बायका गायच्या थांबल्या असे मला वाटले, पण ते खरे नसणार.

"फिर?" सर म्हणाले. "ग़लत लिखा है?"

"नहीं, सर।"

"तो मैं उसमें से एक अक्षर नहीं काटूँगा।"

"जी।" माझा आवाज चोरट्यासारखा झाला. संकोचाचा माझा सगळा हिशेब तिथे संपला. आणि विचित्र गोष्ट अशी, की तो संपल्यावर मला हलके वाटले. बाबांनी फाइलमधून त्या नमुन्याची कोरी छायाप्रत काढली; तीन महिन्यांपूर्वी काढून ठेवलेल्या दोनांपैकी एक. ज्या सवयीने लिफाफा फोडला होता, तीच सवय आता कोरा कागद पुढे करत होती. लिफाफाही होता, गोंदाची नळी होती, दोन पेने होती. सरांनी ते सगळे एकेक करून बघितले आणि आता मात्र हसले. "आप रेलवे वाले," ते म्हणाले, "पटरी भी जेब में रखते होंगे।" हिंदीत रूळही पटरी आणि मोजपट्टीही पटरी; बाबांनी खिशातली पट्टी चाचपली आणि कसनुसे हसले.

सर ट्रॉलीच्या फळीवर कागद ठेवून, आमच्याकडे पाठ करून लिहू लागले. आम्हांला सरांच्या घरच्यांनी पानावर पुये वाढले. ते थंड, किंचित कडक, गुळाचे होते. सरांचे लिहिणे संपत नव्हते. पहिले पत्र आठ-दहा ओळींचे होते. हे कागदाच्या तळापर्यंत गेले, मग त्यांनी कागद उलटला. सव्वादोन वाजले. बाबा जत्रेकडे पाहत राहिले, मी सरांच्या कोपराकडे. शेवटी त्यांनी लिफाफा बंद केला, झडपेवर आडवी सही केली, आणि तो माझ्या नव्हे, बाबांच्या हातात दिला. जुने पत्र आणि भोकांची प्रत घडी करून टॉवेलात गुंडाळली. मला म्हणाले, "शनिवार को एक सवाल ऐसा करके आना जो नहीं आता।"

परतीला बस मिळेना. बाबांनी, ज्यांनी आयुष्यात कधी विनातिकीट फलाट ओलांडला नव्हता, रिकाम्या परतणाऱ्या ट्रॅक्टरला हात दाखवला. ट्रॉलीत उभ्याने, फाइल छातीशी धरून, धुळीने पांढरे होत आम्ही सीतापुऱ्याला उतरलो तेव्हा चारला आठ मिनिटे कमी होती. काउंटरवरच्या भैयाने पाकीट घेऊन वजनकाट्यावर ठेवले आणि विचारले, "क्या है इसमें?" बाबा म्हणाले, "काग़ज़।" मग जरा थांबून, "छह।"

घरी आल्यावर बाबांनी हातपाय धुतले, जावक नोंदवहीत क्रमांक टाकला आणि फाइल टॅगमध्ये ओवायला घेतली. पाच प्रती झाल्या. सहाव्या जागी त्यांनी एक कोरा कागद घेतला, त्याला दोन भोके पाडली, आणि वर लिहिले: जोडपत्र सहा. सीलबंद. ओ.सी. नाही. ती फाइल आता माझ्याकडे आहे. सरांनी त्या दुसऱ्या पत्रात काय लिहिले हे मला आजतागायत माहीत नाही, आणि तो कागद कोरा आहे म्हणूनच मी तो अधूनमधून काढून पाहते. आता अभिप्राय संगणकावरून थेट जातात, लिफाफा उरला नाही. तरी माझ्या विद्यार्थ्यांचे अभिप्राय लिहिताना मी सरांसारखी दाराकडे पाठ करून बसते.

शनिवारी गणिताच्या पेपरात शेवटचे उदाहरण मला येत नव्हते. मी ते अर्धे सोडवले आणि अर्धे चुकवले. परीक्षा संपल्यावर कूलर गच्चीत नेला, आणि आईच्या नाही-नाही म्हणण्याकडे दुर्लक्ष करून नळीच्या लांबच्या टोकाची भोके खिळा तापवून मोठी केली. पहिल्या दिवशी सगळे पाणी त्याच टोकाने धो-धो वाहिले आणि उरलेल्या दोन ताट्या ठणठणीत कोरड्या राहिल्या. "आता दोन्हीकडून गरम वारा खा," आई म्हणाली. "अभियंता झाली माही पोरगी." दुसऱ्या नळीला मी भोके क्रमाने वाढवत नेली. तिसऱ्या नळीला कुठे ते साधले. पुढे विद्यापीठाने दिल्लीला मुलाखतीसाठी बोलावले, तिथे कूलरबद्दल विचारले तेव्हा माझ्याकडे आलेखांपेक्षा वाया गेलेल्या दोन नळ्यांचे सांगण्यासारखे अधिक होते.

मेच्या अखेरीस एका दुपारी टपाल आले. कूलर चालू होता. आई आता डाव्या बाजूला मुद्दाम झोपत असे. मी आतल्या खोलीत होते आणि कान त्या आवाजाकडे लागले होते, पण तो आला नाही. बाहेर येऊन पाहिले तो परदेशी तिकिटे लावलेले जाड पाकीट टेबलावर माझ्या खुर्चीसमोर ठेवलेले होते. बाबा पलीकडे बसले होते. पाकीट त्यांनी खिडकीकडे धरले नव्हते, झटकले नव्हते. माझे नाव वरच्या बाजूला येईल असे फक्त सरळ ठेवले होते. मी बसल्यावर त्यांनी पट्टी उचलली आणि पुसट आकड्यांची कड स्वतःकडे करून माझ्या हातात दिली.

माझ्या हाताने ती कड सरळ उघडली गेली नाही, अर्ध्यात फाटली. मी आतला कागद काढला, अभिनंदनाची पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि टेबलावरून तो बाबांकडे सरकवला.

"बाबा," मी म्हटले, "याची ओ.सी. ठेवा."